परवाना आणि माल : सी भाषेतील फंक्शन-पॉइंटरांची सुसंगती

१

आलापल्लीच्या बाजूच्या अरण्यातून तोडून आणलेला सागवानाचा ओंडका बल्लारशाहच्या लाकूडडेपोत येऊन पडतो, तेव्हा त्याची पुढील गती दोन निरनिराळ्या माणसांच्या हाती असते. एक तो मजूर, ज्याच्या खांद्यात ओंडका उचलून थप्पीतील एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे बळ असते. आणि दुसरा तो मोजणी करणारा इसम, जो टेप लावून लांबी व गोलाई पाहतो, गाठ, भेग आणि पोकळी यांची पारख करतो, आणि समोरच्या दोन ओंडक्यांपैकी कोणता आधी व कोणता नंतर ठेवावयाचा याचा निवाडा देतो. मजुरांच्या टोळीला प्रतवारीचे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि मोजणी करणाऱ्याला ओझे वाहण्याचे कारण नाही. आज सागवान असेल, उद्या बिजा असेल, परवा बांबूचे गठ्ठे असतील; टोळीचे काम तेच राहते, बदलतो तो केवळ निवाडा देणारा.

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नेमक्या याच श्रमविभागणीवर उभे असलेले एक फंक्शन फार जुन्या काळापासून आहे. त्याचे नाव क्यूसॉर्ट. कोणत्याही वस्तूंची ओळ क्रमाने लावून देणे हे त्याचे कार्य, आणि त्यासाठी ते आपल्याकडून चार गोष्टी मागून घेते : ओळ कोठून सुरू होते तो स्मृतीतील पत्ता; ओळीत नग किती आहेत ती संख्या; एकेक नग किती बाइटांचा आहे ते आकारमान; आणि चौथी गोष्ट म्हणजे दोन नग पुढे ठेवले असता त्यांचा क्रम सांगणाऱ्या एका फंक्शनचा पत्ता. पहिल्या तीन गोष्टींवर टोळीची मेहनत चालते. चौथीवाचून ती एक ओंडकाही हलवू शकत नाही. या चौथ्या गोष्टीला कॉलबॅक म्हणतात, कारण आपण क्यूसॉर्टला हाक मारतो, आणि क्यूसॉर्ट आपल्या कामाच्या ओघात उलट आपल्यालाच, म्हणजे आपण नेमून दिलेल्या फंक्शनला, पुनःपुन्हा हाक मारते.

ही उलट मारलेली हाक कोणत्या अटींवर विश्वासार्ह ठरते, आणि त्या अटींशी केलेली लहानशी लबाडी कोणत्या अनर्थाला कारण होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

२

क्यूसॉर्टच्या नावामागे जी क्विकसॉर्ट ही रीत आहे, तिचा जनक टोनी होअर हा ब्रिटिश शास्त्रज्ञ. तो तरुणपणी मॉस्कोत शिकत असताना यांत्रिक भाषांतराच्या प्रश्नावर काम करीत होता. वाक्यातील शब्द आधी अकारविल्हे लावून घेतल्यास ते कोशात शोधणे सुलभ होईल, या गरजेतून त्याला ही रीत सुचली, आणि १९६१ साली ती प्रसिद्ध झाली. सी ही भाषा त्यानंतरची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची याने ती १९७२ च्या सुमारास घडवली, आणि ज्या बी नावाच्या भाषेपासून ती निघाली, त्या बी भाषेत प्रकार ही कल्पनाच नव्हती. अंक, अक्षर, पत्ता हे सारे तेथे एकाच मापाचे शब्द मानले जात. सीमध्ये प्रकार आले. परंतु पूर्वजांची ढिलाई काही काळ तिच्या रक्तात राहिली. १९७८ साली कर्निघन व रिची यांनी लिहिलेले पुस्तक निघाले, त्या वेळी फंक्शनची घोषणा करताना ते काय परत देते एवढेच सांगितले जाई. ते काय घेते हे सांगण्याची सोय नव्हती. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला दशांश-संख्येऐवजी पूर्णांक दिला, तरी कंपायलर मुकाट्याने तो पुढे पाठवी, आणि उत्तर म्हणून निरर्थक आकडा हाती येई.

१९८९ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेने सीचे पहिले मानक प्रसिद्ध केले, तेव्हा सी++ भाषेकडून एक मोलाची गोष्ट उचलण्यात आली, ती म्हणजे फंक्शनची संपूर्ण घोषणा : ते काय घेते आणि काय देते याचा लेखी दाखला. तेव्हापासून फंक्शनचा प्रकार म्हणजे एक पुरते करारपत्र झाले. परत मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार, घेतल्या जाणाऱ्या मूल्यांची संख्या, आणि त्या प्रत्येकाचा प्रकार, अशी तीन कलमे त्यात असतात. जुन्या ढिलाईचा शेवटचा अवशेष मात्र फार उशिरा गेला. रिकामा कंस म्हणजे कशाचाही स्वीकार, ही जुनी वहिवाट सी-२३ या आवृत्तीने, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, रद्द केली.

३

फंक्शनला पत्ता असतो ही गोष्ट नवशिक्याला प्रथम विलक्षण वाटते, कारण फंक्शन म्हणजे क्रिया आणि पत्ता असतो तो वस्तूला, अशी आपली समजूत असते. परंतु संगणकाच्या स्मृतीत क्रियाही शेवटी आज्ञांच्या रूपाने लिहूनच ठेवलेली असते, आणि त्या आज्ञांची ओळ जेथे सुरू होते ती जागा हाच त्या फंक्शनचा पत्ता. तो पत्ता धारण करणारे चल म्हणजे फंक्शन-पॉइंटर. तो एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देता येतो, सारणीत मांडून ठेवता येतो, आणि वेळ आली की त्याच्यामार्फत फंक्शनला हाक मारता येते.

ताडोबाच्या जंगलात पाणवठ्याच्या वाटेवर झाडाला बांधलेला कॅमेरा-ट्रॅप पाहिला म्हणजे या कल्पनेचे मर्म चटकन उमगते. हा कॅमेरा बहुतेक काळ निद्रिस्त असतो. समोरून उष्ण देहाचे एखादे जनावर गेले की त्याचा अवरक्त संवेदक जागा होतो आणि छायाचित्र निघते. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली, त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. अशा छोट्या यंत्रांच्या पोटातील नियंत्रक-चिपांसाठी सामान्यतः सी भाषाच वापरतात, आणि अशा चिपेच्या स्मृतीत अगदी आरंभी पत्त्यांची एक सारणी असते : संवेदक जागा झाला तर या पत्त्यावरचे फंक्शन चालवावे, घड्याळाची वेळ भरली तर त्या पत्त्यावरचे. चिप बनवणाऱ्याला वाघ ठाऊक नाही, ताडोबा ठाऊक नाही. त्याने फक्त सारणीत जागा राखून ठेवली आणि त्या जागेत बसणारे फंक्शन कोणत्या घडणीचे असावे हे ठरवून दिले. ते काही घेणार नाही आणि काही परत देणार नाही, अशी ती घडण बहुधा असते. जो कोणी पुढे ती जागा भरील, त्याने ती घडण पाळावयाची.

अनभिज्ञ हाक मारणारा आणि जाणकार उत्तर देणारा, यांच्यामध्ये दुवा असतो तो या घडणीचाच. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांचा मजकूर वाचत नाहीत, कित्येकदा त्यांच्या लिखाणात वीस-वीस वर्षांचे अंतर असते. म्हणून फंक्शन-पॉइंटराच्या प्रकाराला सी भाषेत जे महत्त्व आहे, ते साध्या पॉइंटराच्या प्रकारापेक्षा कितीतरी अधिक आहे.

४

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखात परवाना हा शब्द शिकवावा लागत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, आणि तेव्हापासून गाडीत सागवान असो की बांबू असो, नाक्यावर गाडी थांबते, वनरक्षक वाहतूक परवाना मागतो, आणि परवान्यावरचा मजकूर गाडीतील मालाशी ताडून पाहतो. कंपायलर हा असाच नाक्यावरचा वनरक्षक आहे. क्यूसॉर्टला चौथी गोष्ट म्हणून आपण फंक्शन देतो, तेव्हा तो त्याच्या प्रकाराचा परवाना पाहतो. क्यूसॉर्टची अट अशी : तुलना करणाऱ्या फंक्शनने दोन व्हॉइड-पॉइंटर घ्यावेत, त्यांच्या मागील वस्तू बदलणार नाही अशी हमी द्यावी, आणि पूर्णांक परत द्यावा, पहिली वस्तू आधी हवी तर ऋण, दोन्ही समान तर शून्य, दुसरी आधी हवी तर धन. व्हॉइड-पॉइंटर म्हणजे ज्याच्या मागे कोणत्या जातीची वस्तू आहे हे लिहिलेले नाही असा पत्ता. क्यूसॉर्टला वस्तूची जात ठाऊक नसते, म्हणून ते याहून अधिक काही देऊच शकत नाही.

आता समजा, एका विद्यार्थ्याला गावांच्या नावांची यादी अकारविल्हे लावावयाची आहे : धानोरा, कुरखेडा, भामरागड, एटापल्ली, चामोर्शी. त्याने नावे स्मृतीत निरनिराळ्या जागी ठेवली आहेत आणि त्या जागांच्या पत्त्यांची एक ओळ केली आहे. दोन अक्षरमालांची तुलना करणारे स्ट्रकंप नावाचे फंक्शन भाषेबरोबर तयारच मिळते. तेव्हा तेच क्यूसॉर्टला द्यावे, असा मोहक विचार त्याच्या मनात येतो. कंपायलर अडवतो, कारण स्ट्रकंप अक्षरांचे पॉइंटर घेते आणि क्यूसॉर्ट व्हॉइड-पॉइंटर देणार असते. परवाना आणि अट जुळत नाहीत. तेव्हा विद्यार्थी कोठेतरी पाहिलेला उपाय करतो : स्ट्रकंपच्या अलीकडे कंसात क्यूसॉर्टला हवा असलेला प्रकार लिहून टाकतो. याला कास्ट करणे म्हणतात. कंपायलर गप्प बसतो, प्रोग्रॅम चालतो, कोठेही तक्रार उमटत नाही, आणि नावांची ओळ मात्र वर्णक्रमाशी कसलाही संबंध नसलेल्या क्रमाने पडद्यावर येते.

येथे काय घडले हे सावकाशीने पाहण्याजोगे आहे. क्यूसॉर्ट नगांचे पत्ते देते. आणि येथे नग म्हणजे नावे नव्हेत, नावांचे पत्ते आहेत. म्हणून स्ट्रकंपच्या हाती आला तो पत्त्याचा पत्ता. ते बिचारे पत्त्यालाच अक्षरे समजून वाचू लागले, आणि धानोऱ्यातील ध व चामोर्शीतील च यांची तुलना करण्याऐवजी त्या दोन नावांच्या स्मृतीतील जागांचे आकडे एकेक बाइट करून तुलनेस घेऊ लागले. कंपायलरने जो नकार दिला होता, तो नकार म्हणजे याच चुकीवर ठेवलेले बोट होते. विद्यार्थ्याने माल बदलला नाही. परवान्यावरचा मजकूर खोडून नवा लिहिला, एवढेच केले. माल सागवानाचाच राहिला आणि परवाना बांबूचा झाला. नाका पार झाला, पण पुढे ज्या गिरणीत तो माल उतरला, तेथील यंत्राने त्याला बांबू समजूनच दळला.

५

येथे चाणाक्ष वाचक एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. सी भाषेत साधा पॉइंटर व्हॉइड-पॉइंटरात ठेवता येतो, आणि व्हॉइड-पॉइंटर परत हव्या त्या वस्तूच्या पॉइंटरात घेता येतो. त्याला कास्टही लागत नाही. मग जे फंक्शन व्हॉइड-पॉइंटर घेते आणि जे फंक्शन ओंडक्याचा पॉइंटर घेते, ती दोन फंक्शने एकमेकांच्या जागी का चालू नयेत?

याचे उत्तर रूपांतर कोठे घडते या प्रश्नात दडलेले आहे. साधा पॉइंटर एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातो, तेव्हा ते रूपांतर कंपायलरच्या डोळ्यांदेखत होते. यंत्राला त्यासाठी काही खटपट आवश्यक असेल तर ती करणाऱ्या आज्ञा कंपायलर त्याच ठिकाणी लिहून देतो. फंक्शनचे तसे नाही. फंक्शन आधीच आज्ञांत उतरून स्मृतीत स्थिर झालेले असते. त्याच्या पॉइंटरावर आपण कोणताही प्रकार लिहिला तरी त्याच्या पोटातील एकही आज्ञा बदलत नाही. आणि हाक मारणाराही आपल्या परीने आधीच लिहिला गेलेला असतो. रूपांतर करावयाचे तर ते हाक आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणी करावे लागेल, आणि तेथे कोणीही उभा नसतो.

रूपांतराला खटपट लागते हे केवळ तर्काचे बोलणे नाही. डेटा जनरल कंपनीच्या एक्लिप्स एमव्ही या यंत्रमालिकेत पत्त्यांच्या निरनिराळ्या घडणी होत्या. तेथील सी कंपायलर अक्षराचा पॉइंटर व व्हॉइड-पॉइंटर बाइटांच्या हिशेबाने ठेवीत आणि अन्य वस्तूंचे पॉइंटर शब्दांच्या हिशेबाने ठेवीत. एकच जागा, पण तिचे दोन लेखी पत्ते. अशा यंत्रावर ओंडक्याचा पॉइंटर घेणारे फंक्शन कास्ट करून क्यूसॉर्टला दिले, तर क्यूसॉर्ट बाइटांचा पत्ता देणार आणि फंक्शन त्याला शब्दांचा पत्ता समजून भलत्याच जागी हात घालणार. आज आपल्या टेबलावरील यंत्रांत सर्व वस्तूंचे पत्ते एकाच घडणीचे असतात, म्हणून हीच चूक निभावून जाते. परंतु निभावून जाणे आणि बरोबर असणे यांत अंतर आहे. सीच्या मानकाचे म्हणणे निःसंदिग्ध आहे : एका प्रकारच्या फंक्शनला त्याच्याशी सुसंगत नसलेल्या प्रकारच्या पॉइंटरामार्फत हाक मारली, तर पुढे काय होईल याची कोणतीही हमी नाही.

सुसंगतीचे नियम थोडक्यात असे. परत देण्याचा प्रकार सुसंगत हवा. घेण्याच्या मूल्यांची संख्या समान हवी. आणि प्रत्येक जागेवरचा प्रकार सुसंगत हवा. इंट आणि लाँग ही दोन एखाद्या यंत्रावर एकाच मापाची असली, तरी ती दोन भिन्न जाती आहेत. टाइपडेफने दिलेले नाव मात्र नवी जात निर्माण करीत नाही. ते केवळ टोपणनाव. फंक्शनला मिळालेली स्वतःची प्रत ते बदलणार नाही, एवढ्याच अर्थाचा वरवरचा कॉन्स्ट जमेस धरला जात नाही. परंतु पॉइंटराच्या मागील वस्तू बदलणार नाही, या अर्थाचा कॉन्स्ट हा करारातील एक कलमच आहे.

६

यावरून कोणी असे समजू नये की फंक्शन-पॉइंटर कास्ट करणे हे सर्वथा वर्ज्य आहे. मानकाने एक सवलत विचारपूर्वक ठेवली आहे : फंक्शनचा पॉइंटर दुसऱ्या कोणत्याही फंक्शन-प्रकारच्या पॉइंटरात ठेवावा, आणि हाक मारण्यापूर्वी पुन्हा मूळ प्रकारात आणावा, तो जसाच्या तसा परत मिळेल. भिन्न घडणींची फंक्शने एकाच सारणीत साठवून ठेवावयाची असतील, तर ही सवलत फार उपयोगी पडते. वखारीत माल कोणत्याही कोपऱ्यात ठेवा. बाहेर काढताना त्याचाच परवाना त्याच्याबरोबर असला म्हणजे झाले.

फंक्शनचा पत्ता व्हॉइड-पॉइंटरात ठेवण्याला मात्र मानकाची संमती नाही, आणि त्याचे कारण आमच्या पिढीतील पुष्कळांनी प्रत्यक्ष हाताळलेले आहे. डॉसवरील टर्बो सी वापरून ज्यांनी ही भाषा शिकली, आणि विदर्भात तरी नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तके हाती घेऊन ती शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांना त्यातील स्मृति-मॉडेल आठवत असतील. मीडियम मॉडेलमध्ये फंक्शनचे पत्ते ३२ बिटांचे आणि वस्तूंचे १६ बिटांचे. फंक्शनचा पत्ता वस्तूच्या पॉइंटरात कोंबला की अर्धा पत्ता गळून पडणार. आजही कित्येक छोट्या चिपांत आज्ञांची स्मृती आणि वस्तूंची स्मृती स्वतंत्र असतात. युनिक्सच्या पॉसिक्स मानकाने ग्रंथालयातील फंक्शन नावाने शोधून काढण्याच्या सोयीसाठी या बाबतीत निराळी मुभा दिली आहे. पण ती पॉसिक्स पाळणाऱ्या यंत्रांपुरती.

७

मग शुद्ध मार्ग कोणता? तो इतका सोपा आहे, की त्याच्यासाठी लबाडी करण्याचा मोह का व्हावा याचेच नवल वाटते. हाक मारणाऱ्याने जी घडण ठरवून दिली आहे, त्याच घडणीचे एक लहान फंक्शन आपण लिहावे; त्याने दोन व्हॉइड-पॉइंटर घ्यावेत, पूर्णांक द्यावा; आणि आत शिरल्यावर पहिल्याच ओळीत ते पॉइंटर आपल्या ओळखीच्या प्रकारात घ्यावेत. गावांच्या यादीत त्या पहिल्या ओळीत आपल्याला लिहावेच लागते, की हा पत्ता पत्त्याचा आहे, त्याच्या आतून आधी नावाचा पत्ता काढला पाहिजे, आणि मग तो स्ट्रकंपकडे दिला पाहिजे. जी गोष्ट कास्टने झाकून टाकली होती, तीच येथे उघड्यावर येते. रूपांतरासाठी हाक आणि उत्तर यांच्यामध्ये उभा राहणारा जो माणूस नव्हता, तो आपण या लहान फंक्शनच्या रूपाने तेथे नेमला. दोन ओळींचे लिखाण. चांगला कंपायलर पुष्कळदा त्याचा वेगळा खर्चही येऊ देत नाही.

या मार्गाला एक पुरवणी आवश्यक आहे. समजा, ओंडके कधी लांबीवरून लावावयाचे आहेत, कधी गोलाईवरून, आणि ही निवड प्रोग्रॅम चालू असताना वापरणारा करणार आहे. क्यूसॉर्टचे तुलना-फंक्शन दोनच पॉइंटर घेते. निवड काय होती हे त्याला कळावे कसे? जागतिक चलात लिहून ठेवावे तर दोन कामे एकाच वेळी चालली असता घोटाळा होतो. म्हणून विचारी ग्रंथालयकार कॉलबॅकला आणखी एक व्हॉइड-पॉइंटर देतात : हाक मारणारा तो उघडून पाहत नाही, केवळ अमानत म्हणून सांभाळतो आणि प्रत्येक हाकेबरोबर आपल्याला परत देतो. सर्वसामान्य कॉलबॅकची पूर्ण घडण ही अशी : फंक्शनचा पत्ता आणि त्याच्या सोबतीची संदर्भाची पुडी.

क्यूसॉर्टची अशी सुधारलेली आवृत्ती म्हणजे क्यूसॉर्ट-आर. आणि तिचा इतिहास या प्रकरणाच्या सिद्धान्ताचा उत्तम दाखला आहे. बीएसडी परंपरेतील यंत्रणांनी ही संदर्भाची पुडी तुलना-फंक्शनला सर्वांत आधी दिली. लिनक्सवर चालणाऱ्या ग्नू परंपरेने तीच सर्वांत शेवटी दिली. नाव एक, काम एक, क्रम उलटा. बीएसडीसाठी लिहिलेला मजकूर लिनक्सवर नेला असता, लेखकाने कास्ट केलेला नसेल तर कंपायलर प्रकारांवरूनच त्याला अडवतो. कास्ट करून त्याचे तोंड बंद केले असेल, तर फंक्शन संदर्भाच्या पुडीला ओंडका समजते आणि ओंडक्याला पुडी. पॉसिक्सने २०२४ साली ग्नूचा क्रम प्रमाण ठरवून हा वाद मिटवला. पण मधल्या काळात ज्यांनी परवान्यावर खाडाखोड केली नाही, तेच सुरक्षित राहिले.

८

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती समारंभपूर्वक देण्यात आले. तोवर परवाना लिहिणारा हात वनखात्याचा होता. त्या दिवसापासून तो हात गावाचा झाला. त्या घटनेचे सामाजिक मोल फार मोठे आहे आणि ते या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचे आहे. परंतु आपल्या विषयापुरते तिच्यात एक तत्त्व स्पष्ट दिसते. गावाने परवान्यावाचून बांबू नेण्याची सूट मागितली नाही. परवाना लिहिण्याचा अधिकार मागितला. रस्त्यावर गाडी अडली असता विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला. त्याला उत्तर देणारा बदलला. उत्तम कॉलबॅकची रचना हीच असते. जागेची घडण स्थिर, जागा भरणारा स्वतंत्र. आणि त्या स्वातंत्र्याला बळ येते ते घडण प्रामाणिकपणे पाळली जाते म्हणूनच.

९

दीर्घकाळ फंक्शन-पॉइंटरांचा नाका केवळ कंपायलरच्या दारात होता. तेथे कास्टची चिठ्ठी दाखवली की पुढचा रस्ता मोकळा. गेल्या काही वर्षांत रस्त्यावरही नाके बसू लागले आहेत. २०१८ साली जीसीसी या कंपायलरच्या आठव्या आवृत्तीत, न जुळणाऱ्या फंक्शन-प्रकारात केलेल्या कास्टवरच ताकीद देण्याची सोय आली. ब्राउझरमध्ये चालणारी वेबअसेंब्ली ही यंत्रणा तर पॉइंटरामार्फत हाक मारण्याच्या प्रत्येक क्षणी घेण्या-देण्याच्या मूल्यांची संख्या व मापे पडताळते, आणि ती न जुळल्यास काम तत्काळ थांबवते. पायथॉनचा सीमध्ये लिहिलेला दुभाषा या यंत्रणेवर नेताना, वर्षानुवर्षे निर्वेधपणे चाललेले कास्ट अशा रीतीने उघडे पडले. ज्या फंक्शनांना त्यांच्या घोषणेपेक्षा अधिक मूल्ये देऊन हाक मारली जात होती, ती तेथे चालेनात.

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्या सर्वांच्या खिशात लिनक्सचा कर्नल आहे. त्यातील टाइमरच्या कॉलबॅकला पूर्वी एक साधा पूर्णांक मिळे. लेखक त्या पूर्णांकात पत्ता कोंबून पाठवीत आणि कित्येकदा फंक्शनही कास्ट करून त्या साच्यात बसवीत. २०१७ साली ही पद्धत बदलण्याचे काम कीस कुक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले; शेकडो ठिकाणचा मजकूर बदलून प्रत्येक कॉलबॅकला टाइमरचाच सप्रकार पॉइंटर देण्याची रीत घालून दिली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत अशी सोय झाली, की क्लँग कंपायलरने बांधलेल्या कर्नलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या अगदी अलीकडे त्याच्या प्रकाराचा संक्षिप्त अंक खोदून ठेवावा, आणि पॉइंटरामार्फत हाक मारण्यापूर्वी तो अंक अपेक्षित अंकाशी ताडून पाहावा. घुसखोराने फंक्शनचा पत्ता बदलून नियंत्रण भलतीकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तर अंक न जुळल्याने तो येथे अडतो. ओंडक्याच्या तोंडावर ठोकलेल्या हातोड्याच्या शिक्क्याचे काम हा अंक करतो. मात्र हा पहारा चालावयाचा, तर प्रामाणिक लेखकांनीही खोटे परवाने वापरणे आधी बंद करावे लागते; जेथे हजारो खोटे परवाने सद्भावनेने फिरत असतात, तेथे चोराचा परवाना वेगळा ओळखू येत नाही.

आणि परवाना जुळला म्हणजे कराराची पूर्तता झाली, असेही नाही. तुलना-फंक्शनने तीन ओंडक्यांत पहिला दुसऱ्याहून मोठा, दुसरा तिसऱ्याहून मोठा, आणि तिसरा पहिल्याहून मोठा, असा निवाडा दिला, तर त्याचा प्रकार निर्दोष असूनही टोळीची मेहनत निष्फळ होते. २०२४ च्या जानेवारीत क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ग्नूच्या ग्रंथालयातील क्यूसॉर्टला असा विसंगत निवाडा मिळाला असता ते विशिष्ट परिस्थितीत ओळीच्या सीमेबाहेरही हात घालू शकत असे. दोन मोठ्या पूर्णांकांची वजाबाकी करून तेच उत्तर म्हणून परत देण्याची आळशी सवय पुष्कळांना असते. आकडा मापाबाहेर गेला की चिन्ह उलटते आणि निवाडा विसंगत होतो. प्रकार म्हणजे कराराचा तो भाग, जो यंत्र तपासू शकते. उरलेला भाग लेखकाच्या सचोटीवर सोपवलेला असतो.

१०

२०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या छत्राखाली चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील मुले आज शिकत आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या घरी उन्हाळ्यात तेंदुपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जाऊन खुडलेली पाने घरी ७०-७० च्या पुड्यांत बांधली जातात आणि संध्याकाळी फळीवर मोजून दिली जातात. पुड्यात ७० पाने आहेत या भरवशावर पुढचा सारा व्यवहार चालतो. फळीवरचा मुन्शी पुडे मोजतो, प्रत्येक पान मोजीत बसत नाही. ज्या मुलाने आपल्या आईला अपुरा पुडा सोडून पुन्हा बांधताना पाहिले आहे, त्याला फंक्शन-पॉइंटरांची सुसंगती समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.

त्याला मी इतकेच सांगेन. कंपायलर अडवील तेव्हा कास्ट लिहिण्यापूर्वी क्षणभर थांब, आणि तो नेमके कोणते कलम जुळत नाही म्हणतो ते वाच. मग हव्या त्या घडणीचे दोन ओळींचे फंक्शन लिही, आणि रूपांतर त्याच्या आत कर. नाक्यावरून जाताना गाडीत जे आहे तेच तुझ्या परवान्यावर असू दे.